लिफ्टने वर, सायकलने खाली

प्रश्न : जुलैत मुलाकडे जिनिव्हाला जातोय. तिथून फ्रान्समधल्या ले जेला जाऊन डाउनहिल सायकलिंग करायचंय. वय 52, पुण्यात रोज सायकल चालवतो. झेपेल का?

उत्तर : दम पुरेल, हातांचं सांगवत नाही. चढ लिफ्टच चढते. सायकल हुकाला अडकवायची नि आपण बसायचं. उतारावर मात्र पेडलवर उभं राहून सतत ब्रेक दाबावे लागतात आणि दुपारपर्यंत मनगट ते कोपर हात दगड होतो. ब्रेक वळणाआधी लावा, वळणात सोडा. लिव्हरवर एकच बोट.

सर्वांत महत्त्वाचं : आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये डाव्या. सवयीने डावा करकचून दाबलात तर हँडलवरून थेट पुढे! भाड्याची सायकल घेतल्यावर आधी सपाटीवर दहा मिनिटं फिरवा. तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड तिथेच भाड्याने मिळतात. प्रवास विम्यात हा खेळ धरलाय का, ते निघण्यापूर्वी लेखी विचारा.

वाटा हिरव्या, निळ्या, लाल, काळ्या अशा चढत्या अवघडपणाच्या. 2004 आणि 2022 च्या जागतिक स्पर्धा इथेच झाल्या, पण त्या मोहात पडू नका. हिरवी, मग निळी. हात थरथरू लागले की ‘शेवटची एक’ न म्हणता लिफ्टनेच खाली या.