मदरबोर्डवरचा ओरखडा : तुटलेली रेघ जोडताना



संगणकाचा पंखा साफ करताना किंवा बदलताना स्क्रू ड्रायव्हर सटकतो आणि हिरव्या बोर्डवर एक ओरखडा उमटतो. हे कोणाच्याही हातून होऊ शकतं. पण मुलाच्या हातून झालं, तर ते बहुतेक वेळा घाबरून झाकण लावून टाकतं आणि गप्प बसतं. मग दुसरंच कोणीतरी बटण दाबतं, आणि दुरुस्त होण्यासारखं नुकसान कायमचं होतं. म्हणून हा पाठ जितका सोल्डरिंगचा आहे, तितकाच "झालं ते लगेच सांग" हे शिकवण्याचाही आहे.

बोर्ड म्हणजे नेमकं काय?

काचेचे धागे आणि इपॉक्सी यांच्या पातळ पाटीवर तांब्याच्या रेघा असतात. या रेघा म्हणजेच तारा. वरचा हिरवा थर रंगासाठी नसून तांब्याचं रक्षण करण्यासाठी असतो. मदरबोर्डमध्ये असे तांब्याचे चार, सहा किंवा त्याहून अधिक थर एकावर एक असतात. आपल्याला दिसतो तो फक्त वरचा.

आधी काय करावं?

१. बटण दाबून "चालतोय का" बघू नका. वायर काढा, बोर्डवरचा गोल सेलही काढा.
२. बोर्डला हात लावण्याआधी अंगावरची स्थिर वीज घालवण्यासाठी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा.
३. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा आणि भिंगातून नीट बघा.

आता तीन शक्यता आहेत. फक्त हिरवा थर खरवडला असेल, तर उघडं तांबं झाकलं की काम झालं. तांब्याचा कीस उडून शेजारच्या दोन रेघा एकमेकींना चिकटल्या असतील, तर तो सुईने अलगद सोडवा. आणि रेघच तुटली असेल, तर तिला जोड द्यावा लागेल. नक्की काय झालंय हे मल्टिमीटर सांगतो. रेघेच्या दोन टोकांना पिना लावल्यावर बीप वाजला, तर रेघ शाबूत आहे.

तार किती जाड घ्यायची?

इथे गणिताच्या तासाची गंमत आहे. समजा रेघ ०.२ मिमी रुंद आहे. तांब्याची नेहमीची जाडी ०.०३५ मिमी. म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ०.२ × ०.०३५ = ०.००७ चौ. मिमी. आता ०.१ मिमी व्यासाची तार घ्या. तिचं क्षेत्रफळ ३.१४ × ०.०५ × ०.०५ = ०.००७८५ चौ. मिमी. म्हणजे केसासारखी ही तार त्या रेघेची जागा सहज घेऊ शकते! "वर्तुळाचं क्षेत्रफळ कशाला शिकायचं?" असं विचारणाऱ्या मुलाला हे गणित जरूर दाखवा.

जोडकाम

तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी हिरवा थर ब्लेडने हळूच खरवडा. तांबं चमकलं की थांबा. फ्लक्स लावून दोन्ही टोकांवर सोल्डरचा पातळ थर चढवा. वाइंडिंगची तार वापरत असाल, तर तिच्या टोकांवरचं इनॅमल आधी काढा, नाहीतर सोल्डर धरणार नाही. तार आडवी ठेवून एक टोक चिकटवा, मग दुसरं. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका; रेघ पाटीवरून सुटून येते.

मग दोनदा तपासा : जोडलेल्या रेघेवर बीप वाजला पाहिजे, आणि शेजारच्या दोन रेघांमध्ये जोडकामामुळे नवा संबंध आलेला नसावा. शेवटी उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने जागा झाका, आणि मगच वीज द्या.

कुठे थांबावं?

ओरखडा आतल्या थरापर्यंत गेला असेल, तर घरी हात घालू नका. प्रोसेसर आणि रॅमच्या मधल्या नागमोडी रेघाही जाणकाराकडे सोपवा. त्या मुद्दाम वळणावळणाच्या केलेल्या असतात, कारण सगळ्या संकेतांना जवळपास एकाच वेळी पोहोचायचं असतं. आणि पॉवर सप्लायचा डबा मुलांनी कधीच उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो.

वर्गासाठी उपक्रम

भंगारातला एखादा बोर्ड आणा. त्यावर मुद्दाम एक रेघ कापा. आठवी-नववीच्या मुलांना तीन-तीनच्या गटात ती शोधू द्या, मोजू द्या आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली जोडू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, डोळ्यांवर चष्मा आणि शेवटी साबणाने हात धुणं सक्तीचं. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं.

बीप वाजला की त्या गटाकडे बघा. मोडलेली वस्तू आपल्या हाताने जोडलेलं मूल पुढच्या वेळी चूक लपवत नाही. भिंग मागायला येतं.