आत्याचा कानमंत्र: फोल्डर आधी, ॲप नंतर

बाळा, फरीदाबादेत बिऱ्हाड थाटलंस, नवा लॅपटॉप घेतलास, स्पॉटिफायचं सदस्यत्वही घेतलंस. आता आजोबांच्या कॅसेट, माझ्या सीडी आणि घरच्या बैठकींची ध्वनिमुद्रणं तुझ्याकडे येतील. ती सांभाळताना एवढं धरून ठेव: गाणं फोल्डरात राहतं, ॲप ते फक्त वाजवतं. ॲप येतात आणि जातात. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. त्यावर चढवलेली गाणी ज्यांनी मुदतीत दुसरीकडे हलवली नाहीत, त्यांची तिथली गाणी पुसली गेली. एअरटेलचं विंकही २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं.

१. मूळ फोल्डर एकच. 'संगीत' नावाचा एक फोल्डर कर. त्यात गायक, गायकाच्या आत संग्रह. डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर एकही गाणं पडू देऊ नकोस. फोल्डरची जागा ठरली की हलवू नकोस, कारण ॲप गाण्याचा फक्त पत्ता लक्षात ठेवतं. पत्ता बदलला की यादीतलं गाणं वाजत नाही.

२. कॅसेट घाईने उतरवू नकोस. आधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरव. मग वायरने संगणकाच्या लाइन-इनला जोडून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये घे. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नकोस, फाटलेला सूर नंतर दुरुस्त होत नाही. सीडीच्या दर्जाने घेतलंस तर मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट ९०० एमबीच्या वर जाते. ती फ्लॅक फॉरमॅटमध्ये जपून ठेव. दर्जा तसाच राहतो, जागा बरीच वाचते.

३. ऐकायची प्रत वेगळी. स्पॉटिफाय तुझ्या संगणकावरची एमपी३ फाइल वाजवतं. म्हणून फ्लॅकवरून ३२० केबीपीएसची एमपी३ प्रत काढ आणि दुसऱ्या फोल्डरात ठेव. स्पॉटिफायच्या सेटिंग्जमध्ये 'लोकल फाइल्स' चालू करून तोच फोल्डर दाखव. गाणी फोनवर हवी असतील तर त्यांची प्लेलिस्ट कर. प्रीमियम सदस्यत्व हवं, फोन आणि संगणक एकाच वायफायवर हवेत, मग फोनवर ती प्लेलिस्ट उतरव. त्यापेक्षा सोपं म्हणजे एमपी३ फोनमध्ये कॉपी करून व्हीएलसी प्लेअरमध्ये ऐकणं. मेट्रो आयटीओ, दिल्ली गेटकडे जमिनीखाली गेली आणि नेट गेलं, तरी गाणं थांबत नाही.

४. टॅग, म्हणजे फाइलीतली गाण्याची माहिती, मन लावून भर. 'गीतरामायण' घे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, एकूण ५६ गीतं. कथा क्रमाने चालते, म्हणून क्रमांक ०१, ०२ असेच घाल, नाहीतर १ नंतर थेट १० वाजेल. मूळ प्रसारणात गायक अनेक होते, पुढे बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, सगळी गीतं स्वतः गायली. दोन्ही संच जवळ असतील तर संग्रहाच्या नावातच फरक लिही. 'अल्बम आर्टिस्ट'चा रकाना भरला नाहीस तर अनेक गायकांचा एक संच संगणक तुकड्यातुकड्यांत मांडतो. एमपी३टॅग या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण संच एकदम दुरुस्त करता येतो. नावं एकाच पद्धतीने लिही: कुठे 'पं. भीमसेन', कुठे 'भीमसेन जोशी' असं नको.

५. वर्ष विसरू नकोस. 'कट्यार काळजात घुसली' शोधलंस की २०१५ च्या चित्रपटाची गाणी पुढे येतात. आपल्या कॅसेटवर १९६७ च्या नाटकाची गाणी आहेत: जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचा आवाज. दोन्ही ऐक, पण वर्ष लिहिलेलं असलं तरच पुढच्या पिढीला ती वेगळी ओळखता येतील.

६. 'डाउनलोड' शब्दावर विसंबू नकोस. सेवेतून उतरवलेलं गाणं कुलूपबंद असतं. स्पॉटिफायला तीस दिवसांतून एकदा तरी नेट दाखवावं लागतं, आणि सदस्यत्व संपलं की उतरवलेलं हातचं जातं. ॲपल म्युझिक तुझ्या फाइलींची ऑनलाइन प्रत ठेवतं, पण एका यंत्रावर लायब्ररीतून गाणं काढलंस की ते सगळीकडून जातं. म्हणून त्याला राखीव प्रत समजू नकोस. जे जन्मभर हवं ते विकत घे, सीडी किंवा फाइल.

७. प्रती तीन ठेव. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक पुण्याला माझ्याकडे. डिस्क घ्यायला मेट्रोच्या वायलेट लाइनने सरळ नेहरू प्लेसला जा, पण पक्कं बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय निघू नकोस. स्वस्तातल्या डिस्कवर लिहिलेली क्षमता खोटी असू शकते. पूर्ण भरून, परत वाचून बघ. मे-जूनची लू आणि धूळ डिस्कला सोसत नाही, ती कपाटात डबीत ठेव. वीज जाते-येते तेव्हा कॉपी चालू असेल तर फाइल अर्धवट राहते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच हे काम कर आणि डिस्क 'इजेक्ट' करूनच काढ.

८. घरची बैठक घरातच. आपल्याकडे गाऊन गेलेल्या कलाकाराने ते चारचौघांसाठी गायलं होतं. त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय ते इंटरनेटवर चढवू नकोस.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्रत्येक फोल्डरात साध्या मजकुराची एक फाइल ठेव: कोण गायलं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कुणाच्या घरी, कोणत्या साली. ही माहिती कुठल्याही सेवेकडे नाही, ती आजोबांना तोंडपाठ आहे. येत्या रविवारी फोन कर, एकेक कॅसेट लावून त्यांना विचारू आणि तू तिथेच लिहून घे.