संकष्टीचा चंद्र आणि चार मिनिटांचे गणित



मागच्या महिन्यात आठवीच्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, 2023 साली आपले चांद्रयान चंद्रावर उतरले. मग आजी अजूनही त्याच चंद्राला अर्घ्य का देते?" वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण प्रश्न चांगला होता. तेव्हा तास संपत आला होता, म्हणून उत्तर आज येथे लिहीत आहे.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. 1998 च्या ऑक्टोबरातील संकष्टी. शेजारच्या हिंदी भाषिक घरांत त्याच दिवशी करवा चौथ होती. माझ्या आईला मधुमेह होता, तरी तिने उपास सोडला नव्हता. आमच्या इंदूरच्या घरात भिंतीवर मुंबईत छापलेले कॅलेंडर असे. त्यातील चंद्रोदयाची वेळ पाहून बाबा घड्याळासमोर बसत. त्या रात्री आईचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. "अजून दहा मिनिटे," बाबा म्हणाले. मी घाबरून शेजाऱ्यांना हाक मारायला गच्चीवर धावलो आणि पाहतो तो काय, चंद्र निंबाच्या झाडाशेजारी केव्हाच वर आलेला! आईने घाईने अर्घ्य दिले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि थोड्या वेळाने सावरली.

कॅलेंडर चुकले नव्हते. ती वेळ मुंबईची होती, एवढेच आम्ही वाचले नव्हते.

आता गणित पाहू. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला 4 मिनिटे लागतात. मुंबई सुमारे 73 रेखांशावर आहे आणि इंदूर सुमारे 76 वर. (माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेथे याला 'देशांतर' म्हणत. आपले पंचांगकर्तेही हाच शब्द वापरतात.) फरक 3 अंशांचा. तीन चोक बारा! इंदूर पूर्वेला असल्यामुळे येथे चंद्र साधारण 12 मिनिटे आधी उगवतो.

हेच 4 मिनिटांचे गणित आणखी एक कोडे सोडवते. चंद्र सूर्यापासून रोज सुमारे 12 अंश पुढे सरकतो. या 12 अंशांनाच आपण तिथी म्हणतो. 12 गुणिले 4 म्हणजे 48. म्हणून चंद्र रोज सरासरी पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. वद्य चतुर्थीला त्याला सूर्यास्तानंतर साधारण अडीच-तीन तास लागतात, ते यामुळेच. आजीला रात्री जेवायला उशीर का होतो, याचे उत्तर त्या 12 अंशांत आहे.

त्या रात्रीनंतर मी एक वही केली. दर संकष्टीला गच्चीवर जाऊन चंद्र दिसल्याची वेळ लिहायची, शेजारी मुंबईची वेळ लिहायची. मित्र म्हणत, मास्तरांना वेड लागले. पण वहीने मला बुचकळ्यात टाकले. फरक दर वेळी 12 मिनिटे येईना! ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पंधरा मिनिटांहून जास्त, तर एप्रिल-मेमध्ये जेमतेम पाच-सात मिनिटे. वाटले, माझे घड्याळच बिघडले.

घड्याळ ठीक होते. मी अक्षांश विसरलो होतो. इंदूर मुंबईच्या पूर्वेला आहे, तसेच उत्तरेलाही आहे. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे असतो, तेव्हा उत्तरेकडच्या गावांत दिवस मोठा असतो आणि सूर्य लवकर उगवतो, हे तुम्ही भूगोलात शिकलात. चंद्राचेही तसेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरातील संकष्टीचा चंद्र आकाशात उत्तरेकडे असतो, म्हणून इंदूरला काही मिनिटांची भर पडते. एप्रिल-मेमध्ये तो दक्षिणेकडे असतो, तेव्हा तेवढी मिनिटे वजा होतात.

ही वही मी आईला दाखवली. वाटले, ती म्हणेल, देवाधर्मात गणित कशाला? ती म्हणाली, "अरे, पावसाळ्यात चंद्र दिसत नाही तेव्हा आम्ही पंचांगातली वेळ पाहूनच जेवतो. मग गणितावर विश्वास नाही तर काय?" त्यानंतर ती आमच्या गावच्या वेळेने उपास सोडू लागली. पुढे डॉक्टरांचे ऐकून दुपारी दूधही घेऊ लागली. श्रद्धा तीच राहिली, फक्त जीव धोक्यात घालणे थांबले.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: चंद्र किती वाजता उगवेल, हे विज्ञान सांगते. तो उगवल्यावर हात का जोडायचे, हे आजी सांगेल. ढगाळ रात्रीही तो ढगांमागे आहे, ही खात्री गणित देते. आणि दिवसभर उपाशी राहूनही शांतपणे वाट पाहण्याचे बळ आजीला तिच्या श्रद्धेतून मिळते. दोघांची कामे वेगळी आहेत. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलले, की मग घोटाळा होतो.

पालकांना एक विनंती. घरात मधुमेहाचे रुग्ण असतील, तर उपासाविषयी डॉक्टरांना आधी विचारा, आणि चंद्रोदयाची वेळ कोणत्या गावची आहे ते नक्की पाहा.

करून पाहा:
1. पुढच्या तीन संकष्ट्यांना चंद्र दिसल्याची वेळ वहीत लिहा. मुंबईच्या वेळेशी तुलना करा.
2. नागपूर सुमारे 79 रेखांशावर आहे. फक्त रेखांश धरला, तर तेथे चंद्र इंदूरच्या किती मिनिटे आधी उगवेल?
3. आजीला विचारा: ढगाळ संकष्टीला तुम्ही काय करत होता? तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून आणा.

वह्या माझ्याकडे आणून द्या. मी माझीही जुनी वही घेऊन येईन.

– तुमचे प्राचार्य