पायाचें बळ आणि ब्रेकचा दाब

मोटार किती वेगानें धांवते ह्याची चौकशी सर्वच करतात; ती किती अंतरांत उभी राहते, ही चौकशी थोडेच करतात. वस्तुतः गाडींतील माणसांचा जीव ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत तरफेचा एक धडा असतो आणि द्रवाच्या दाबाचा एक धडा असतो. हे दोन्ही धडे मोटारीच्या ब्रेकमध्यें एकत्र नांदतात. ते नीट समजावे म्हणून आम्ही येथें एक उदाहरण घेतलें आहे. एका लहान पिकप गाडीच्या ब्रेकला असलेली यंत्राची मदत काढून टाकून तो केवळ पायाच्या बळावर चालेल असा करावयाचा झाल्यास काय काय बदलावें लागतें, तें पाहूं.

ही उठाठेव कोणी कां करावी, असें वाचक विचारतील. अमेरिकेंत शेव्हरोले कंपनीची एस-१० नांवाची लहान पिकप गाडी १९८२ पासून २००४ पर्यंतच्या मॉडेलांत निघत असे. तिची बांधणी हलकी, म्हणून हौशी लोक तिच्यांत आठ सिलिंडरांचें मोठें इंजिन बसवितात. तसें केलें म्हणजे पुढच्या भागांत जागा थोडी उरते, आणि ब्रेकला मदत करणारा पत्र्याचा वाटोळा डबा, ज्यास बूस्टर म्हणतात, तो आड येतो. शिवाय शर्यतीच्या इंजिनांत वेगळ्या घडणीचा कॅमशाफ्ट असला, तर इंजिनाची हवा ओढण्याची शक्ति मंद गतीवर कमी पडते, आणि ह्या ओढीवरच चालणारा बूस्टर दुबळा होतो. अशा वेळीं कित्येक जण बूस्टर काढूनच टाकतात.

आतां ब्रेकची रचना ध्यानांत घेऊं. पेडल ही एक तरफ आहे. तिचा टेकू वरच्या टोकाशीं असतो, पाय खालच्या टोकावर पडतो, आणि पुढचें काम करणारा दांडा टेकूच्या जवळ जोडलेला असतो. पाय टेकूपासून १२ इंचांवर व दांडा २ इंचांवर असेल, तर पायाचें बळ दांड्यावर सहापट होतें. हा दांडा मास्टर सिलिंडर नांवाच्या नळकांड्यांतील दट्ट्यास ढकलतो, आणि तेथील ब्रेक ऑइलवर पडलेला दाब नळ्यांतून चारी चाकांस पोंचतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यांनीं मांडला. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला. त्यानंतर सुमारें अडीच शतकांनीं, १९२१ सालीं, अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांस तेलाच्या दाबाचे ब्रेक आले.

बूस्टरची जागा पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्यें असते. त्याच्या आंत एक पडदा असून त्यानें डब्याचे दोन कप्पे होतात. पेट्रोलचें इंजिन चालू असतांना तें हवा आंत ओढून घेतें; त्या ओढीनें दोन्ही कप्प्यांतील हवा विरळ होते. चालकानें पेडल दाबतांच मागच्या कप्प्यांत बाहेरची हवा शिरते आणि पडद्यास पुढें रेटते. म्हणजे चालकाच्या मदतीस जी शक्ति धांवून येते, ती आपल्या भोंवतालच्या वातावरणाचीच होय. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीवर दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. दोन कप्प्यांतील दाबाचा फरक ९ पौंड आणि पडद्याचा व्यास ८ इंच धरला, तर पडद्याचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस इंच होऊन ४५० पौंडांचें बळ मिळतें. एवढा मदतनीस काढून टाकावयाचा, तर त्याचें काम कोणी तरी अंगावर घेतलें पाहिजे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून कांहीं आंकडे गृहीत धरूं. चालक पेडलवर १०० पौंड बळ लावतो. बूस्टर असलेल्या गाडींत पेडलची तरफ चौपट बळ देते, आणि मास्टर सिलिंडरचा व्यास नऊ अष्टमांश इंच, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ १ चौरस इंच आहे. दांड्यावर ४०० पौंड पायाचे व ४५० पौंड बूस्टरचे, असे ८५० पौंड बळ पडून तेलावर दर चौरस इंचास ८५० पौंड दाब येतो. आतां बूस्टर काढला आणि दुसरें कांहींच बदललें नाहीं, तर तोच दाब ४०० पौंडांवर उतरतो. पूर्वीइतका दाब हवा असेल, तर पायानें २१२ पौंडांहून अधिक बळ लावावें लागेल. तें प्रत्येकाला साधेल असें नाहीं.

ह्यावर उपाय दोन. पहिला तरफेचा. दांडा टेकूच्या अधिक जवळ आणून तरफ चौपटीची सहापट करावयाची. जनरल मोटर्सच्या कित्येक जुन्या गाड्यांच्या पेडलला ह्याच हेतूनें दोन भोकें ठेवलेलीं असत. वरचें साध्या ब्रेकसाठीं, खालचें बूस्टरच्या ब्रेकसाठीं. दुसरा उपाय पास्कलच्या नियमाचा. मास्टर सिलिंडर अरुंद घ्यावयाचा. सात अष्टमांश इंच व्यासाच्या सिलिंडरचें क्षेत्रफळ अवघें ०.६ चौरस इंच असतें. मग १०० पौंडांचे दांड्यावर ६०० पौंड होतात, आणि ६०० ला ०.६ नें भागलें असतां तेलावर १००० पौंड दाब येतो. मदतनीस गेला, तरी दाब उणा झाला नाहीं!

परंतु यंत्र कांहींही फुकट देत नाहीं. पूर्वी दट्ट्या अर्धा इंच सरकला, तर पेडल २ इंच खालीं जात असे. आतां तेवढेंच तेल ढकलण्यास अरुंद सिलिंडरांतील दट्ट्या ०.८३ इंच सरकला पाहिजे, आणि तरफ सहापट असल्यानें पेडल जवळजवळ ५ इंच खालीं गेलें पाहिजे. केवळ पायानें मिळणारा दाब ४०० चा १००० झाला, म्हणजे अडीचपट वाढला. अंतरही २ चें ५ इंच, म्हणजे अडीचपटच वाढलें. जितकें बळ मिळविलें, तितकें अंतर मोजून द्यावें लागलें. म्हणूनच सिलिंडर वाटेल तितका अरुंद करून चालत नाहीं. पेडल जमिनीस टेकलें, म्हणजे पुढें दाब वाढत नाहीं. ह्याच कारणास्तव अशा गाडींत तेलांतील हवेचे बुडबुडे पूर्णपणें काढणें आणि मागच्या चाकांचे ड्रम-ब्रेक नीट जुळवून ठेवणें अत्यावश्यक असतें.

आणखी तीन गोष्टी कारागिरास संभाळाव्या लागतात. साध्या ब्रेकच्या दट्ट्यांत दांड्यासाठीं खोल खळगा असतो. बूस्टरच्या दट्ट्यांत तो बहुधा उथळ असतो. उथळ खळग्यांत लांब दांडा नुसता टेकवून ठेवला, तर तो निसटण्याचें भय असतें, आणि निसटला म्हणजे ब्रेक नाहींसाच झाला. दुसरी गोष्ट, पेडल सोडल्यावर दांडा व दट्ट्या यांत किंचित् मोकळीक राहिली पाहिजे. नाहीं तर तेल परत येत नाहीं आणि ब्रेक घासत राहून तापतात. तिसरी, बूस्टरकडे जाणारी इंजिनाची नळी घट्ट बंद केली पाहिजे. ती उघडी राहिल्यास इंजिनांत फाजील हवा शिरून तें बिघडतें.

हें उदाहरण परदेशचें असलें, तरी त्यांतील धोका आपल्या दारांतला आहे. आपल्याकडील बहुतेक मोटारींस बूस्टर असतो. घाट उतरतांना तेल वांचावें म्हणून कांहीं चालक इंजिन बंद करतात. बूस्टरमध्यें एक-दोन वेळां पुरेल एवढीच ओढ सांठलेली असते. ती संपली, म्हणजे त्या गाडीची स्थिति, बूस्टर काढला पण पेडल व सिलिंडर तसेच ठेवले, अशा पिकपसारखी होते. ८५० च्या जागीं ४००, आणि तेंही उतारावर, भरल्या गाडीनिशीं! ब्रेक तुटलेला नसतो, पण तो दगडासारखा कठीण लागतो, आणि घाबरलेल्या चालकास वाटतें कीं तो निकामी झाला.

येथें एक सूचना करणें आमचें कर्तव्य आहे. भारतांत मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे. तेव्हां हा पाठ समजून घेण्यासाठीं आहे, घरच्या गाडीवर करून पाहण्यासाठीं नाहीं.

करून पाहण्याजोगा प्रयोग निराळा आहे, आणि तो वडील माणसांच्या देखरेखीखालीं करावा. सपाट जागीं, हातब्रेक लावून उभ्या असलेल्या गाडीचें इंजिन बंद ठेवावें आणि पेडल चार-पांच वेळां दाबावें. तें हळूहळू कठीण होत जाईल. मग पाय पेडलवर दाबून धरूनच वडिलांनीं इंजिन सुरू करावें. बूस्टर ठीक असेल, तर त्याच क्षणीं पेडल पायाखालीं थोडें खचेल. वातावरण मदतीस आल्याची ती खूण. ज्यानें ती एकदां पायानें अनुभवली, तो पुढें कधीं घाटांत इंजिन बंद करणार नाहीं, आणि दुसऱ्यासही करूं देणार नाहीं.