फळमाशीला गडगा अडवत नाही



आढीतला आंबा वरून पिवळाधमक, पण कापला की आत पांढऱ्या अळ्या. असं तुमच्याही घरी झालं असेल. गिऱ्हाईक असा एकच आंबा लक्षात ठेवतं आणि पुढच्या वर्षी पेटी दुसरीकडून घेतं. याच फळमाशीमुळे २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली होती. ती २०१५ मध्ये उठली.

माशी दिसली की आपण फवारणी वाढवतो. पण मादी साल टोचून अंडी आत घालते. अळी गरात असते, तिथपर्यंत औषध पोचत नाही. पैसे जातात आणि काढणीच्या तोंडावर मारलेलं औषध फळावर राहतं.

त्यापेक्षा माशीचा फेरा तोडू या. टोचलेलं फळ गळतं, अळी त्यातून मातीत शिरते, कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते.

१. पडीची फळं रोज वेचा. गडग्यापलीकडे फेकू नका. दोन फूट खोल पुरा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

२. तयार झालेलं फळ वेळेवर काढा. झाडावर पिकू दिलं की माशीला आमंत्रणच.

३. मिथाईल युजेनॉलचे सापळे लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच कामाचा. फळं तयार होण्याआधीच सावलीतल्या फांदीला टांगा. गोळी किती दिवसांनी बदलायची ते पाकिटावर बघा. हाताळताना हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा. काकडी, कारलं, दुधी यांच्या माशीला मात्र क्यू ल्यूरची गोळी लागते.

सापळा भरला म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात फक्त नर अडकतात. नर उरले नाहीत तर मादीची अंडी फळत नाहीत. पण शेजारच्या बागेत नर असले, तर तिथून अंड्यावर आलेली मादी तुमच्या बागेत येणारच. परसातल्या एका रायवळाखाली कुजणारी फळंही सगळ्या वाडीला माशी पुरवतात.

म्हणून हे काम एकटीचं नाही, गटाचं आहे. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा: सापळे एकत्र विकत घेणं, सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावणं आणि पडीची फळं पुरायला वाडीत एक सामाईक खड्डा. ज्यांची बाग नाही, पण दारात आंबा आहे, त्या ताईंनाही बैठकीला बोलवा.