काळा चष्मा आणि गायब झालेले आकडे



परवा मी मामांचा काळा चष्मा लावून त्यांच्या दुकानात बसलो होतो. हिशेबासाठी कॅल्क्युलेटर घेतला, जरा तिरका धरला, तर आकड्यांची खिडकी काळीठिक्कर! मला घामच फुटला. वाटलं, मशीन बिघडलं, आता मामा ओरडणार. घाबरून चष्मा काढला, तर आकडे जागच्या जागी!

दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारलं. त्यांनी एक दोरी वर्गाच्या खिडकीच्या उभ्या गजांमधून पलीकडे बांधायला लावली. दोरी वर-खाली हलवली की लाट गजांतून पार जाई. आडवी हलवली की अडे. प्रकाशाच्या लाटेचंही असंच असतं. सूर्यप्रकाशात सर्व दिशांची कंपने असतात. मामांच्या चष्म्यासारखी काच एकाच दिशेची कंपने पुढे सोडते. तिला ध्रुवक म्हणतात. कॅल्क्युलेटरच्या खिडकीवरही तशीच पातळ पट्टी असते.

आता हिशेब पाहा. १०० भाग सूर्यप्रकाश पहिल्या ध्रुवकावर पडला, तर ५० भाग पार होतो. पुढे दुसरा ध्रुवक धरून फिरवला, तर :

सरळ धरल्यास – ५० भाग
४५ अंशांत – २५ भाग
६० अंशांत – साडेबारा भाग
९० अंशांत – शून्य

हा नियम फ्रान्सचे शास्त्रज्ञ मालुस यांनी १८०९ साली मांडला. काच स्वतःही थोडा प्रकाश गिळते, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडा कमीच येतो.

पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून डोळ्यांवर येणाऱ्या चकाकीत आडवी कंपने जास्त असतात. चष्मा नेमकी तीच अडवतो. म्हणून गाडी चालवताना डोळे दिपत नाहीत.

मी गुरुजींना म्हटलं, "मग अशा दोन काचा ९० अंशांत धरून सूर्यग्रहण बघू या की!" गुरुजी एकदम गंभीर झाले. म्हणाले, "मुळीच नाही! डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण या काचांतून बरेचसे पार होतात. समोर अंधार दिसतो, म्हणून डोळा उघडा राहतो आणि आतला पडदा भाजतो. दुखतसुद्धा नाही, म्हणून कळतही नाही." तेव्हा ग्रहण पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून कागदावर पाडूनच पाहावे. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

तुमच्या घरी काळा चष्मा असेल, तर कॅल्क्युलेटरसमोर गोल फिरवून बघा. आकडे कुठेच गायब झाले नाहीत, तर समजा, काच नुसती रंगीत आहे!

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी