मैफल कुणाची, कधीची, कुठली?

प्रश्न : वडिलांनी मैफलींत रेकॉर्ड केलेल्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. आता दोनशे फायली आहेत आणि सगळ्यांची नावं ‘ट्रॅक ०१’ छापाची. टॅग कसे भरू?

उत्तर : आधी कॅसेटची वेष्टणं टाकू नका. त्यांवरची वडिलांच्या अक्षरातली ओळ हाच तुमचा पुरावा.

‘अल्बम’च्या रकान्यात मैफलच लिहा, पण तारीख आधी : ‘१९८४-१२-०८ पुणे, सवाई गंधर्व महोत्सव’. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला की यादी आपोआप कालक्रमाने लागते. दिवस माहीत नसेल तर नुसतं वर्ष. अंदाज ठोकून देऊ नका. ‘आर्टिस्ट’मध्ये मुख्य कलाकार, आणि नाव दरवेळी त्याच स्पेलिंगने. ‘पं.’ एकदा लावलं, एकदा गाळलं की प्लेअरला ते दोन वेगळे गवई वाटतात! साथीदार ‘कॉमेंट’मध्ये, तबलजींना विसरू नका.

‘जॉनर’मध्ये ‘क्लासिकल’ लिहून काय मिळणार, सगळंच क्लासिकल आहे. मी तिथे राग लिहितो. मग सगळे बिहाग एका ठिकाणी सापडतात.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, म्हणून बडा ख्याल मधेच तुटलेला असेल. त्याला ‘भाग १’, ‘भाग २’ म्हणा आणि ट्रॅक क्रमांक लागोपाठ द्या. निवेदन कापू नका. तारखेचा धागा बऱ्याचदा तिथेच सापडतो.

फायली वेव्ह फॉरमॅटमध्ये असतील तर फ्लॅक करून घ्या. आवाज तसाच राहतो, टॅगही नीट टिकतात, देवनागरीतलेसुद्धा. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये एका मैफलीच्या सगळ्या फायली निवडून टॅग एकदम भरता येतात.